वर्णद्वेषावरची पुस्तकं: त्यातल्या 'आपण'मध्ये मी आहे का?

पाऊसवेडी

मी इंग्लंडात रेडिंगला राहते, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. हा धागा मी फार आधी काढायला हवा होता. मागच्या आठवड्यात लेकीच्या वर्गात जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

आधी माझं सांगते. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि त्या उन्हाळ्यात इकडेही जो तो वर्णद्वेषावरची पुस्तकं शोधायला लागला. आमच्या विभागात जेवणाच्या सुट्टीत वाचनगट सुरू झाला. पुस्तक ठरलं रॉबिन डिअँजेलो यांचं 'व्हाइट फ्रजिलिटी'. २०१८ सालचं, लेखिका गोऱ्या अमेरिकन. वर्णद्वेषाचा विषय निघाला की गोऱ्या माणसांना तो इतका का झोंबतो, हे गोऱ्या वाचकांना समजावून सांगणारं. मी इमानाने वाचत होते, पण दोन-तीन प्रकरणं झाल्यावर मला कळेना की यात मी कुठे आहे. पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारलं, "हे असं खरंच होतं का?" आणि सात माना माझ्याकडे वळल्या. त्या दिवसापासून गटात सगळे वाचक होते आणि मी उदाहरण होते. चौथ्या बैठकीनंतर जाणं सोडलं.

पुस्तक वाईट आहे असं म्हणणं नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांनी जरूर वाचावं. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली ती सांगते. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की समोरचा आत, 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर. मी एका पानावरच्या प्रत्येक 'वुई'च्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी शब्द लिहून पाहिला. एकूण एक ठिकाणी 'आम्ही'च आला.

आता लेकीचं. ती बारा वर्षांची आहे. वर्गात मोठ्याने वाचन चाललं होतं आणि उताऱ्यात ती शिवी आली, जी इथे आपल्या लोकांना देतात. वाचणारी मुलगी अडखळली आणि अख्खा वर्ग माझ्या लेकीकडे बघायला लागला. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. रात्री दात घासताना आरशातूनच मला म्हणाली, "सगळे माझ्याकडे का बघत होते? ते पुस्तक मी लिहिलंय का?"

मला याद्या नकोत, त्या पुष्कळ आहेत. तुम्ही काय वाचलंत, वाचताना तुमचं काय झालं, कुठे तुम्हाला 'आपण' सापडलं ते सांगा. माझ्यासाठी आणि तिच्यासाठीही.

निळाई

वाचनखूण साठवली. 'द गुड इमिग्रंट' वाच. २०१६ सालचं, निकेश शुक्ला यांनी संपादित केलेलं, एकवीस लेखकांचे निबंध. छापण्याआधी वाचकांनीच पैसे उभे करून दिले होते. सगळे निबंध सारखे उतरलेले नाहीत, पण छोटे आहेत. ट्रेनमध्ये एकेक होतो.

टेम्सकाठचा

पाऊसवेडी, लेकीचं वाक्य वाचून थांबलो जरा. मी १९७४ साली इथे आलो. आता सत्तरी ओलांडली आहे. माझा सल्ला वेगळा आहे: भावनांची पुस्तकं नंतर, आधी इतिहास. आपल्या पोरांना वाटतं की आपण काल आलो आणि मुकाट्याने सोसत राहिलो. दोन्ही खोटं आहे.

विल्सडनला ग्रनविक नावाची फोटो धुण्याची कंपनी होती. ऑगस्ट १९७६ मध्ये तिथल्या कामगारांनी संप केला. बहुतेक बायका, पुष्कळशा पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती. पुढारी जयाबेन देसाई. उंची पाच फुटांच्याही आत. मी तेव्हा जवळच खोली घेऊन राहत होतो. सकाळी बसच्या खिडकीतून त्या दिसायच्या. साडी, वरून जाड कोट, हातात फलक. पुढे क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी कंपनीची पत्रं अडवली. जुलै १९७७ मध्ये यॉर्कशायरचे गोरे खाणकामगार या बायकांसाठी गाड्या भरून आले. जुलै १९७८ मध्ये संप हरून संपला. त्या दोन वर्षांत मी एकदाही बसमधून उतरलो नाही. नोकरी नवी होती, भीती वाटायची. ती गोष्ट आजही मनातून जात नाही. म्हणून ज्या पुस्तकात अशी लढणारी माणसं आहेत ते पुस्तक मी आधी हातात देतो.

तर पीटर फ्रायर यांचं 'स्टेइंग पॉवर', १९८४ सालचं. जाडजूड आहे, घाबरू नको. सुरुवात होते रोमन काळात, हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या आफ्रिकी सैनिकांपासून. फ्रायर स्वतः गोरे पत्रकार होते. हे मुद्दाम सांगतो, कारण लेखकाच्या कातडीवरून पुस्तक निवडायला गेलीस तर हे सुटेल. तुझी 'आपण'ची कसोटी जास्त बरी आहे.

आणि रोझिना विस्राम यांचं 'आयाज, लास्कर्स अँड प्रिन्सेस', १९८६. लास्कर म्हणजे विलायती बोटींवरचे आपल्याकडचे खलाशी. त्यानंतर २००२ साली त्यांनीच 'एशियन्स इन ब्रिटन' लिहिलं, चारशे वर्षांचा इतिहास. पहिलं मिळालं नाही तर दुसरं घे. विकत घेऊ नकोस, ग्रंथालयात मागणी नोंदव. दुसऱ्या गावाहूनही मागवून देतात.

दाभोळखाडी

काकांनी विस्रामबाईंचं नाव काढलं म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचत असतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, कोकणी मुसलमान. आमच्याकडे घरटी एक माणूस बोटीवर असायचा. आमच्या पणजोबांना गावात सगळे 'सारंग' म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं ते त्यांचं नावच आहे. खलाशांवर तांडेल, तांडेलावर सारंग, ही उतरंड पुढे कळली. विलायतेच्या आगबोटींवर हे लोक वर्षानुवर्षं राबले. गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारात. बंदरावर उतरल्यावर परतीच्या बोटीची वाट बघत लंडनच्या गोदीत थंडीने मेलेलेही कितीतरी.

मी साउथॅम्प्टनच्या ग्रंथालयात ते पुस्तक उघडलं आणि इंग्रजी मजकुरात 'सेरंग', 'टिंडल' हे शब्द दिसले. आमच्या अंगणातले शब्द. तिथेच खुर्चीत बसून राहिलो. ज्या देशात मला रोज कोणीतरी 'मूळचा कुठला' विचारतं, त्या देशाच्या बंदरात माझा पणजोबा माझ्याआधी शंभर वर्षं येऊन गेला होता. हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. रत्नागिरीतही नाही, इथेही नाही.

पाऊसवेडी

दाभोळखाडी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. काका, मागणी नोंदवली आहे, आठवडाभरात येईल म्हणाले.

हडसनपार

अमेरिकेतून. इथे आपल्या मंडळींची अडचण थोडी वेगळी आहे. १९६५ चा स्थलांतराचा कायदा आला तेव्हा शिकलेले डॉक्टर-इंजिनियर वेचून आत घेतले गेले, आणि मग 'बघा, हे कसे कष्टाने वर आले' म्हणत आपल्याला काळ्या लोकांसमोर नाचवलं गेलं. आपल्याला ते आवडलंही. मलाही आवडायचं. विजय प्रसाद यांच्या 'द कर्मा ऑफ ब्राऊन फोक' (२०००) या पुस्तकाने मला इथे पकडलं. काळे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी १९०३ साली काळ्या माणसाबद्दल विचारलं होतं, की समस्या असणं कसं वाटतं. प्रसाद आपल्याला उलट विचारतात, की उत्तर म्हणून वापरलं जाणं कसं वाटतं. हे पुस्तक 'आपण' म्हणतं, पण पाठ थोपटायला म्हणत नाही. वाचताना मला राग आला होता, आणि रागाचं कारण शोधायला आठवडा लागला.

माझ्या मुलाला मी १९८७ च्या जर्सी सिटीबद्दल सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. तिथे 'डॉटबस्टर्स' नावाने टोळकी फिरायची. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. त्याच वर्षी जवळच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली, त्यात तो गेला. तो पारशी होता. मारणाऱ्यांना आपल्यातले भेद माहीत नसतात.

जेम्स बाल्डविन यांचं 'द फायर नेक्स्ट टाइम' (१९६३) मात्र कोणीही घ्यावं. त्यातलं पहिलं पत्र पुतण्याला लिहिलेलं आहे. काळ्या काकाने काळ्या पोराला. तिथे मी बाहेरचा आहे हे मला ठाऊक आहे, पण दार उघडं आहे आणि आतलं बोलणं ऐकू येतं. असंही वाचन हवं. प्रत्येक पुस्तकात आपल्यासाठी पाट मांडलेला असावा असा हट्ट नको.

जांभूळ

मी पुण्याची, आता बंगळुरात. अल्पसंख्य वगैरे नाही. पण विषय रंगाचा आहे म्हणून लिहिते.

माझी बहीण गोरी, मी काळी. मला दर रविवारी हळद, बेसन आणि साय चोळायचे आणि बहिणीला नाही. चोळताना आजी प्रेमाने गाणं म्हणायची, ते आठवून जास्त त्रास होतो. टोनी मॉरिसन यांचं 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) मी तिशीत वाचलं. ओहायोतल्या गावातली एक काळी मुलगी, तिला निळे डोळे हवे आहेत, म्हणजे सगळे तिच्यावर प्रेम करतील. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि बेसनाच्या डब्याकडे बघत उभी राहिले.

बारा वर्षांच्या मुलीला हे देऊ नको. त्यात बापाकडून होणारा अत्याचार आहे. तू वाच. आणि वाचून झाल्यावर लगेच दुसरं या विषयावरचं घेऊ नको, मध्ये काहीतरी हलकं वाच. मी तीन पुस्तकं ओळीने वाचली आणि महिनाभर झोप उडाली होती.

वर्धाकाठ

नमस्कार. मूळ नागपूर, गेली सहा वर्षं बर्मिंगहॅम.

धागा आवडला, आणि 'आपण-आम्ही'ची कसोटी तर मी वहीत उतरवून घेतली. म्हणूनच एक विचारतो. या धाग्यावर सगळे 'आपले लोक', 'आपण' म्हणत आहेत. त्यात मी आहे का?

इथल्या एका मराठी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत पुढच्या बाईंनी चौकशी केली. नाव? नागपूरला कुठे? आडनाव? मग 'मूळ आडनाव?' उत्तर दिल्यावर त्या हसून पुढे वळल्या आणि वाढून घेईपर्यंत पुन्हा मागे वळल्या नाहीत. कामावर मला रंगावरून बोललेलं आहे आणि रांगेत जातीवरून गप्प केलेलं आहे. दोन्हींचा आवाज वेगळा, पोटात होतं ते तेच.

त्यामुळे माझ्यासाठी हा विषय मराठीतच सुरू होतो. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. अमेरिकेत गुलामी कायद्याने जाऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं, की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांपुढे गाऱ्हाणं मांडत आहेत, त्या अर्जाच्या प्रती पाठवता का. ड्यु बॉइस यांनी उत्तर दिलं. १९७२ साली मुंबईत पोरांनी दलित पँथर उभी केली तेव्हा नावसुद्धा अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. जनार्दन वाघमारे यांनी काळ्या अमेरिकनांच्या साहित्यावर मराठीत लिहिलं, ते माझ्या वडिलांच्या कपाटात होतं. म्हणजे हा शेजार जुना आहे.

इझाबेल विल्करसन यांच्या 'कास्ट'चं (२०२०) नाव आता इथे कोणीतरी घेईलच. अमेरिकेतला वर्णभेद समजून घ्यायला त्या जातीचा शब्द वापरतात. चांगलं आहे, पण मी आधी त्यांचं 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स' (२०१०) सांगेन. १९१५ ते १९७० या काळात साठ लाख काळी माणसं दक्षिणेतली शेतं सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. विल्करसन यांनी बाराशेहून जास्त लोकांना भेटून त्यातल्या तिघांचा प्रवास सांगितला आहे. माझे आजोबा रात्रीतून गाव सोडून नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये लागले. त्या तिघांतल्या, मिसिसिपीतून निघणाऱ्या आयडा मेचं सामान बांधणं वाचताना मला आजीची ट्रंक दिसत होती.

सह्यकडा

वर्धाकाठ, तुमच्याबाबत झालं ते वाईट झालं. पण विषय वर्णद्वेषाचा आहे, जात त्यात का? इथे आपल्याला रंगावरून मार बसतो. आपली भांडणं चव्हाट्यावर मांडली तर गोऱ्यांच्या हातात आणखी एक काठी देतो आपण. माझ्या दुकानाची काच दोनदा फुटली आहे, मी हे हौसेने लिहीत नाही.

वर्धाकाठ

तुमची काच फुटली तेव्हा कोणी 'हे चव्हाट्यावर नको' म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं? पटलं नाही तरी चालेल, पण ते 'कास्ट' एकदा वाचा, मग बोलू. माझी प्रत पाठवतो.

सह्यकडा

पाठवा. वाचतो.

पुस्तकवाली

मुलांच्या पुस्तकांवर कोणी बोललं नाही म्हणून येते. मी इथे एका माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात आहे.

आधी एक आकडा. ब्रिटनमध्ये २०१७ साली मुलांची ९,११५ पुस्तकं निघाली, त्यातल्या फक्त ३९१ पुस्तकांत एक तरी गोरं नसलेलं पात्र होतं. म्हणजे ४ टक्के. मुख्य पात्र बघायला गेलं तर १ टक्का. आणि इंग्लंडच्या शाळांत तशी मुलं होती जवळपास तिसरा हिस्सा. ही मोजणी दरवर्षी होऊ लागल्यावर प्रमाण बरंच वाढलं आहे, त्यामुळे आज तुझ्या लेकीचं नशीब माझ्या लेकीपेक्षा चांगलं आहे.

मी पुस्तक घेताना मधलं कुठलंही पान उघडते. आपल्यासारखं मूल त्या पानावर काय करतंय? रडतंय, मार खातंय, की गोऱ्या मैत्रिणीला काहीतरी शिकवतंय? की मांजर शोधतंय, खोटं बोलतंय, कोणावर तरी जळतंय? दुसरं असेल तर घेते. दुःखाची पुस्तकं शाळा देतेच. ऑक्टोबर आला की काळ्या इतिहासाच्या महिन्यात त्यांचा ढीग लागतो, आणि नोव्हेंबरमध्ये मीच तो उचलून ठेवते.

तुझ्या लेकीसाठी मीरा स्याल यांचं 'अनिता अँड मी' (१९९६). मिडलंड्समधलं खाणीचं गाव, पंजाबी घरातली नऊ वर्षांची मीना, अतिशय थापाडी. तिला गोऱ्या अनितासारखं व्हायचं आहे. काही प्रसंग मोठे आहेत, म्हणून दोघी मिळून वाचा, आळीपाळीने एकेक प्रकरण. मॅलरी ब्लॅकमन यांचं 'नॉट्स अँड क्रॉसेस' (२००१) वर्षभराने दे. त्यात सत्ता काळ्यांकडे आहे आणि गोरे खालचे, सगळं उलटं. शेवट फार दुःखी आहे, आधी सांगून ठेव.

आणि वर्गातल्या त्या प्रकाराबद्दल शाळेशी बोललीस का? उताऱ्यात शिवी येणार असेल तर शिक्षकांनी आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. पुस्तकं निवडणं तुझं काम, हे त्यांचं.

पाऊसवेडी

सात आठवड्यांनी परत आले आहे. मधल्या काळात सगळ्यांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले.

आधी वर्धाकाठ यांना. तुमच्या प्रश्नावर मी त्या दिवशी उत्तर लिहिलं आणि खोडलं. मी इथल्या मराठी मंडळात दहा वर्षं जाते आहे. 'मूळ आडनाव काय' हे मीही विचारलेलं आहे, त्या बाईंइतकंच सहज. कोणाला विचारलं होतं तेही आठवतं. तिला फोन केला. ती म्हणाली, "लक्षात आहे." मग आम्ही तासभर बोललो. मी 'गुलामगिरी' आता पहिल्यांदा वाचलं. शाळेच्या धड्याबाहेर फुले कधी हातात धरलेच नव्हते.

शाळेत जाऊन आले. शिक्षिका बोलायला तयार होत्या, पुढच्या सत्रात उतारा आधी दाखवतील.

विस्रामबाईंचं पुस्तक ग्रंथालयाचं, त्यामुळे पेन्सिल लावता येईना. चिठ्ठ्या ठेवल्या. आयांवरच्या भागात सर्वांत जास्त चिठ्ठ्या झाल्या. साहेबाची मुलं सांभाळायला बोटीवरून आणायचं आणि इथे पोचल्यावर परतीच्या तिकिटाशिवाय सोडून द्यायचं. अशा बायकांसाठी हॅकनीत एक घर होतं, २६, किंग एडवर्ड्स रोड. २०२२ साली त्यावर इतिहासाची आठवण सांगणारी निळी पाटी लागली.

'अनिता अँड मी' आमचं निम्मं झालं. पहिली पाचसहा पानं लेक गप्प होती. मग मीनाच्या थापांवर खुदखुदायला लागली. परवा मी तिला ती कसोटी सांगितली, आपण आणि आम्ही. तिला ती खेळासारखी आवडली. आता ती पेन्सिल घेऊन बसते, प्रत माझी स्वतःची आहे. काल एका पानावर तिने 'वुई'वर आधी 'आम्ही' लिहिलं, खोडलं, 'आपण' लिहिलं, आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. विचारलं तर म्हणाली, "अजून कळलं नाही. पुढे वाचू."

टेम्सकाठचे काका, पुढच्या शनिवारी आम्ही दोघी हॅकनीला ती पाटी बघायला जाणार आहोत. लेकीला तुमच्याकडून ग्रनविकबद्दल ऐकायचं आहे. अकरा वाजता लंडन फील्ड्स स्टेशनवर भेटू शकाल का?

टेम्सकाठचा

येतो. गुडघा बरा नाही, हळू चालावं लागेल.

दाभोळखाडी

मीही येतो.